विहीणबाईंचे वीस टक्के

५ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

नमस्कार-चमत्कार झाले असं समजा, मी थेट मुद्द्यावर येते. परवा मुलांच्या नव्या घरी आपण दोघी भांडी विसळत होतो, तेव्हा तुम्ही अगदी सहज बोलून गेलात, "मीपण शेअरबाजारात पैसे घातलेत." माझ्या हातातली बशी सुटता सुटता राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, इतक्या वेळा आपण भेटलो, आणि दोघीही एकच उद्योग एकमेकींपासून लपवून करतोय!

माझं म्हणाल तर हिशेबखात्यात जन्म गेला. निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या रकमेतली थोडी बाजारात घातली. आमचे हे दिवसभर टीव्हीवर ते वरखाली होणारे आकडे बघत बसतात आणि बाजार पडला की माझ्याकडे अशा नजरेने पाहतात, जणू मीच तो ढकलला.

तर मी असं सुचवते. दोघींनी वर्षभर एकमेकींना आपला परतावा कळवायचा. रक्कम सांगायची नाही, फक्त टक्के. रकमेवरून विहिणी-विहिणींत वितुष्ट येतं, टक्क्यांवरून आलेलं ऐकिवात नाही. कळवायचं ते पत्राने. तुमच्या दुकानातल्या फोनला गिऱ्हाइकांचे कान चिकटलेले असतात आणि माझ्या फोनला आमच्या ह्यांचे. आमचे चिरंजीव, म्हणजे तुमचे जावई, यांना तर मुळीच कळता कामा नये. बँकेत लागल्यापासून ते मला मुदतठेवींची पत्रकं वाचून दाखवतात.

पण एक विचारू का? धुलाईचं दुकान सांभाळून हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून?

आपली,
विहीण


१४ जानेवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार पडद्यांखाली सापडलं. उशिराबद्दल माफी.

खूळ नव्हे हो, गरज. माझ्या दुकानाचे मालक म्हातारे झाले. ते आता मुलीकडे राहायला जायचं म्हणतात, म्हणून दुकानाची जागा विकायची आहे. मला म्हणाले, "इतकी वर्षं भाडं वेळेवर दिलंत, वर्षअखेरपर्यंत पहिला हक्क तुमचा. पुढे शेजारचा चपलांचा दुकानदार तयारच आहे." किंमत साडेदहा लाख. माझ्याकडे ह्यांच्या मागे आलेल्या विम्याचे आणि माझ्या शिलकीचे मिळून आठ. बघा, पहिल्याच पत्रात रक्कम सांगून टाकली! वितुष्ट येणार असेल तर येऊ द्या, पण अर्धवट सांगितलेलं मला पचत नाही.

जागा गेली तर दुकान गेलं. ही मोठी यंत्रं घेऊन मी नवीन कुठे जाणार? धाकटे दीर तर वाटच बघतायत. म्हणतात, "वहिनी, दुकान दादाच्या नावावर चालत होतं. तुम्ही आता लेकीकडे जाऊन निवांत राहा." लेकीकडे म्हणजे तुमच्या मुलाकडे. सुट्टीत तुम्हीही तिथे येता. एका स्वयंपाकघरात आपण दोघी कायमच्या! ते टाळायचं असेल तर माझ्या परताव्यासाठी तुम्हीच देव पाण्यात घाला.

कंपन्या मी माझ्या पद्धतीने निवडते. आमच्या भागात बऱ्याच कचेऱ्या आहेत. ज्या कंपनीची माणसं नवे कोट धुवायला टाकतात, तिचे शेअर घ्यायचे. जिच्या माणसांच्या कॉलरी विरलेल्या, तिच्या वाटेला जायचं नाही. सध्या रंगाच्या एका कंपनीवर माझा फार विश्वास आहे.

दलालाच्या कचेरीतून कागद येतो. त्याच्या तळाशी एकूण किती ते लिहिलेलं असतं, तेवढं मी बघते. वरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा बदलावा लागेल.

तुमची,
विहीण


२० मार्च

विहीणबाई,

हे पत्र पोचेल त्या क्षणी हातातली इस्त्री बाजूला ठेवा, तिची वायर काढा आणि दलालाकडे जाऊन सगळं विका. सगळं! बाजार कोसळलाय. माझा परतावा उणे अकरा. पस्तीस वर्षं मी लोकांना "घाबरू नका, ताळेबंद बघा" म्हणत आले, आणि आज माझ्याच तोंडचं पाणी पळालं आहे. आमच्या ह्यांनी टीव्ही बंद केला. ही फार वाईट खूण आहे. इतकी वर्षं मी सांगत होते तेव्हा कधी केला नव्हता.

तुमच्या दुकानाचे पैसे आहेत. विचार करत बसू नका.

घाईत,
विहीण


२ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं "विका" मला काल मिळालं. टपालवाल्याने ते चुकून चपलांच्या दुकानात टाकलं होतं. तोपर्यंत बाजार निम्माअधिक वर आलाही होता! म्हणजे तुमचा सल्ला ताजा मिळाला असता तर मी बुडाले असते, शिळा मिळाला म्हणून वाचले. पुढचे सल्लेही असेच सावकाश पाठवत जा.

आता बसून घ्या, टक्के सांगते. अधिक तीन. हो, अधिक. सगळं जग पडत असताना मी तीन टक्के वर आहे. तीनदा भागाकार केला. शेवटी एका गिऱ्हाइकाकडूनही करून घेतला, कशाचा आहे ते न सांगता. तीनच आले.

कोटाची पद्धत खोटी नाही, विहीणबाई. तुमच्या ताळेबंदांना नमस्कार, पण माणूस काय घालतो त्यावरून त्याचं घर कळतं.

तुमची,
विहीण

ता. क. परवा दीर आले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "वहिनी, लॉटरी लागली की काय?" मी नुसती हसले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्यासमोर अशी हसले नव्हते.


३१ मे

विहीणबाई, नमस्कार.

अभिनंदन करायला उशीर झाला. खरं सांगायचं तर अभिनंदनाची अक्षरं कागदावर उतरत नव्हती. मी शून्यावर आहे. गेल्या पाच महिन्यांत वर गेले, खाली गेले, आणि निघाले तिथेच येऊन पोचले. आमचे हे म्हणतात याला व्यायाम म्हणतात, गुंतवणूक नव्हे.

सहज चौकशी म्हणून विचारते, त्या रंगाच्या कंपनीवर तुमचा अजून विश्वास आहे का? आणि आणखी कुणाचे कोट येतायत? मला त्यात काही रस नाही, माझ्या कंपन्या मी अभ्यास करून निवडलेल्या आहेत. नुसतं कुतूहल.

आपली,
विहीण


१० जून

विहीणबाई,

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून! पण तुमच्यासाठी सगळं खुलं.

चौदा टक्के!

रंगाच्या कंपनीवर विश्वास आहे म्हणजे काय, वाढलाय. गेल्या महिन्यात त्यांच्या एकट्या हिशेबखात्याचे अकरा कोट आले. कधी नव्हे तो शिपायाने टायसुद्धा टाकला. दुसरी एक लिफ्टची कंपनी आहे, तिथल्या बाईसाहेब रेशमी झगे टाकतात. तीही घेतलीय.

आता अंगात असा हुरूप आलाय म्हणून सांगू! सकाळी एक तास आधी दुकान उघडते. समोरच्या खाणावळीचे टेबलक्लॉथ कुणी घेत नव्हतं, डाग जात नाहीत म्हणून. मी घेतले. संध्याकाळचा रिक्षाचा खर्च बंद करून चालत घरी जाते. बाजार माझ्यासाठी एवढं राबतोय तर मी बसून राहणं बरं दिसत नाही.

लेकीला अजून काही बोलले नाही. पण परवा फोनवर ती म्हणाली, "आई, तुझा आवाज किती बदललाय." मला रडू आलं एकदम. तिला म्हटलं, वाफेने घसा बसलाय.

तुमची,
विहीण


२० ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

गेले दोन महिने पत्र नाही, रागावू नका. माझ्याकडे कळवण्यासारखे टक्के नव्हते.

एक विनंती आहे. दलालाकडून येणारे तुमचे जानेवारीपासूनचे सगळे कागद मला पाठवाल का? झेरॉक्स चालेल. तुम्ही कधी घेता, कधी विकता, हे मला बारकाईने बघायचं आहे. पस्तीस वर्षं हिशेब करून मला जे जमलं नाही ते तुम्हाला कसं जमतं, हे समजल्याशिवाय झोप लागणार नाही. हे शिकायला मागणं आहे, संशय नव्हे.

आपली,
विहीण


२८ ऑगस्ट

विहीणबाई,

कागद सोबत आहेत. झेरॉक्सवाल्याने एक पान तिरकं काढलंय, मान वाकडी करून वाचा.

आठाचे नऊ लाख साठ हजार झाले. वीस टक्के! आणखी नव्वद हजार की दुकान माझं. डिसेंबरपर्यंत तेवढे तर झोपेत होतील. मालकांना सांगूनही आले, "कागदपत्रं काढून ठेवा." चपलांचा दुकानदार हल्ली माझ्याकडे बघून हसत नाही.

तुम्ही म्हणाल, आता काढून घ्या. मी नाही काढणार. जो घोडा धावतोय त्यावरून उतरायचं कशाला?

दुकानाच्या पाटीला रंग द्यायचा विचार आहे. अर्थात त्याच कंपनीचा.

तुमची,
विहीण


४ सप्टेंबर

विहीणबाई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता लिहिते ते न थांबता लिहिते.

तुमचे कागद मी ओळ न ओळ वाचले. दर शनिवारी तुम्ही दुकानाच्या गल्ल्यातले पैसे दलालाकडे भरता. कधी पाच हजार, कधी सात. जानेवारीपासून ते सगळे मिळून दोन लाख होतात. म्हणजे तुम्ही आठ लाख नव्हे, दहा लाख घातलेत, आणि आज त्यांचे नऊ लाख साठ हजार आहेत. तुम्ही तळाची रक्कम बघून पहिल्या आठ लाखांशी भागाकार केलात. भागाकार बरोबर आहे. वीस टक्के मात्र खरे नाहीत. तुमचा परतावा उणे चार आहे.

बाजाराने तुम्हाला काही दिलेलं नाही, उलट चाळीस हजार खाल्ले. जे वाढलंय ते सगळं तुम्ही स्वतःच्या हातांनी धुऊन, इस्त्री करून घातलेलं आहे.

सांगू नये असंही मनात आलं. तुमचा हुरूप मला आवडत होता. हेवाही वाटत होता, तो आवडत नव्हता. पण तुम्ही लिहिलंत, घोड्यावरून उतरणार नाही. तो घोडा धावत नाहीये हो, तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन धावताय. दुकानाचे पैसे चार महिन्यांत लागणार. ते एक दिवसही बाजारात ठेवू नका. मार्चमध्ये मी घाबरून "विका" म्हटलं होतं. आज शांतपणे म्हणते.

रागवाल, हे माहीत आहे.

आपली,
विहीण


२५ ऑक्टोबर

विहीणबाई,

सात आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही.

गेल्या सोमवारी बाजार पडला, तो मार्चपेक्षा वाईट. रंगाच्या कंपनीचं तर नावही घेऊ नये. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर तुमचं दुकानच येतंय. तुम्ही काढले का पैसे? एवढंच कळवा. बाकी मला हवं ते बोला, मी वाचून घेईन.

फोन केला तर तुमच्या मदतनिसाने सांगितलं, "बाई डाग काढतायत." चारदा केला, चारही वेळा तुम्ही डागच काढत होतात. सूनबाईला विचारलं तर ती म्हणाली, "आई बरी आहे, पण तुमचं नाव काढलं की विषय बदलते. तुम्ही दोघी भांडलात का?" मी म्हटलं, छे, भांडायला आमच्यात काय आहे! चिरंजीव मागून म्हणाले, "दागिन्यांवरून असेल." या पोराला बँकेने कसं ठेवून घेतलंय, देव जाणे.

आता माझंही ऐका. मे महिन्यात मी तुम्हाला जे कुतूहल म्हणून विचारलं, ते कुतूहल नव्हतं. जूनमध्ये तुमचं पत्र आल्याबरोबर मी माझ्या अभ्यासाच्या कंपन्या विकल्या आणि रंग व लिफ्ट घेतली. ऑगस्टमध्ये कागद मागितले तेव्हा मी उणे नऊवर होते. आज किती आहे ते लिहवत नाही. ताळेबंद वाचून जन्म काढला आणि शेवटी शिपायाच्या टायवर पैसे लावले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

माझे पैसे गेले तर औषधपाण्याला पेन्शन आहे. तुमचे गेले तर दुकान जातं. म्हणून विचारते आहे. माझी थोडी रक्कम बाजाराबाहेर आहे. कमी पडत असेल तर मागा. विहीण म्हणून संकोच वाटत असेल तर व्याजाने मागा.

वाट पाहतेय.

आपली,
विहीण


१९ डिसेंबर

विहीणबाई, साष्टांग नमस्कार.

इतके दिवस मी डाग काढत नव्हते. रुसले होते.

तुमचं सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. मी ते काउंटरवर उभ्यानेच वाचलं. "बाजाराने तुम्हाला काही दिलेलं नाही" इथपर्यंत आले आणि कानशिलं तापली. म्हटलं, मुलाकडच्या म्हणून इतकं टाकून बोलायचं? माझे वीस टक्के यांच्या डोळ्यांत खुपले! त्या रात्री जेवले नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी तरातरा दलालाकडे गेले आणि सगळं विकून टाकलं. तुमचं पटलं म्हणून नव्हे हं. यांना वाटतं ना मला बाजार कळत नाही, मग बाजारच नको, असं म्हणून. पैसे बँकेत ठेवले आणि तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. लागू दे यांना घोर, म्हटलं.

ऑक्टोबरात बाजार पडला तेव्हा मी पडदे धूत होते. मदतनिसाने सांगितलं. मी तशीच ओल्या हातांनी स्टुलावर बसले. विकले नसते तर काय झालं असतं याचा विचार मनात आला आणि उरलेले पडदे मदतनिसालाच धुवायला लावले. तरीही तुम्हाला लिहिलं नाही. रुसवा काढायला कुणीतरी यावं लागतं, आणि तुम्ही पडलात दूर.

रंगाच्या कंपनीचं कोडं मात्र सुटलं. त्यांच्या हिशेबखात्यातले एक गृहस्थ कोट घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, "यंदा तुमच्याकडे कोटांची एवढी चैन कशी काय?" ते म्हणाले, "चैन कसली, बाई! कंपनी डबघाईला आलीय, सगळे दुसरीकडे मुलाखतींना जातायत." तो शिपायाचा टाय आठवतोय? त्याला लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली. तुम्ही त्याच्यावर पैसे लावलेत ते अगदीच वाया गेले नाहीत, त्याचं तरी भलं झालं.

मग नोव्हेंबरात दीर आले. चपलांच्या दुकानदाराला सोबत घेऊनच. म्हणाले, "वहिनी, हट्ट सोडा. दादाच्या पुण्याईवर इतके दिवस चाललं. आता यांना जागा घेऊ द्या." विहीणबाई, खोटं कशाला सांगू, मलाही इतकी वर्षं तसंच वाटत आलंय. पाटीवर ह्यांचं नाव, गिऱ्हाइकं ह्यांच्या ओळखीची, मी आपली इस्त्री फिरवणारी. बाजारात वीस टक्के मिळाले तेव्हासुद्धा मला वाटलं, चला, आपल्यासाठी कुणीतरी कमावतंय.

ते दोघे गेले. मी तुमचं पत्र शोधून काढलं, भांडायला काहीतरी हवं म्हणून. आणि ते पुरतं वाचलं. सप्टेंबरात मी अर्ध्यावरच थांबले होते. पुढे तुम्ही लिहिलं होतं, जे वाढलंय ते सगळं तुम्ही स्वतःच्या हातांनी घातलेलं आहे. काउंटरवर डोकं टेकून रडले मी. एक गिऱ्हाईक कोट न टाकताच परत गेलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी नाही, दिरांनी नाही, मी स्वतःला तर नाहीच. सांगितलं ते जावयाच्या आईने, आणि तेही माझी चूक काढताना.

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंतच्या शनिवारांचे आणखी पंचाहत्तर हजार जमले. तरी पंधरा हजार कमी पडत होते. तुमच्याकडे मागणार होते, व्याजाने. मग मालकांना म्हटलं, छताचे पत्रे मी बदलले, गटार मी दुरुस्त केलं, ते वजा करा. ते म्हणाले, "हे पैसे तुम्ही आजवर कधी मागितले नाहीत." मी म्हटलं, "आजवर मी हिशेब करत नव्हते."

काल नोंदणी झाली. साक्षीदार म्हणून सही करायला दिरांना बोलावलं होतं. आले. त्यांनी कागद वाचला, खरेदीदाराच्या रकान्यात भावाचं नाव शोधलं आणि मग सही केली.

तुमच्या बुडालेल्या टक्क्यांची चिंता करू नका. सुट्टीत मुलांकडे न जाता सरळ माझ्याकडे या. जुने हिशेब घेऊन बसू. मला भरलेलं आणि वाढलेलं वेगवेगळं मांडायला शिकवा, मी तुम्हाला टेबलक्लॉथचे डाग काढायला शिकवते. मुलांना सांगा, आमचं दागिन्यांवरूनच भांडण होतं आणि ते मिटलं.

तुमची विहीण,
दुकानाची मालकीण